थायॉल-पीईजी 5000: सोन्याच्या नॅनोकणांना कवच चांगलं, पण कुपी जपा

सीटी स्कॅनसाठी सोन्याचे नॅनोकण रक्तात सोडायचे, तर ते खारट पाण्यात गोळा होऊन चालत नाही. या कामाला मिथॉक्सी-पीईजी-थायॉल, रेणुभार 5000, ही पांढरी भुकटी आजही सगळ्यात भरवशाची: पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या लांब साखळ्या, त्यांचंच कणाभोवती कवच होतं. 2000च्या साखळ्या आखूड पडतात, 10,000च्या तेवढ्या दाटीनं बसत नाहीत.

खरी गोम थायॉलमध्ये, म्हणजे साखळीच्या सोन्याला धरणाऱ्या गंधकाच्या टोकात आहे. हवा लागली की दोन थायॉल जोडून डायसल्फाइड, म्हणजे गंधक-गंधकाची जोडी होते. भुकटी तशीच पांढरी दिसते, पण सोन्यावरची पकड मंदावते. लेबलावरच्या शुद्धतेवर विसंबू नका. एलमन चाचणी (थायॉलशी पिवळा रंग देणारी) करून 412 नॅनोमीटरच्या प्रकाशाला मोकळं थायॉल मोजा. कुपी उणे 20 अंशांवर, नायट्रोजन भरून ठेवा. बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी झाकण उघडायचं नाही, नाहीतर भुकटी ओल धरते. 1 ग्रॅमच्या कुपीपेक्षा 100 मिलिग्रॅमच्या छोट्या कुप्या परवडतात, कारण एकच कुपी पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही.

प्रमाणाचा हिशोब असा: 15 नॅनोमीटरच्या कणाचं पृष्ठफळ सुमारे 700 चौरस नॅनोमीटर, दर चौरस नॅनोमीटरला चार साखळ्या. ओडी (प्रकाश शोषण्याचं माप) 1च्या 10 मिलिलिटर सायट्रेट-सोन्याला, म्हणजे सायट्रेटनं तोलून धरलेल्या कणांच्या द्रावणाला, जेमतेम 0.35 मिलिग्रॅम पुरतं, तरी 2 मिलिग्रॅम घाला. द्रावण ताजं करा, सगळं एकदम ओता आणि रात्रभर ढवळत ठेवा. कवच चढलं की कणांच्या प्रकाश-शोषणाचं 520 नॅनोमीटरचं शिखर 1 ते 3 नॅनोमीटर उजवीकडे, म्हणजे लांब तरंगलांबीकडे सरकतं.

मग मिठाची परीक्षा: 1 मिलिलिटर नमुन्यात 10 टक्के मिठाच्या पाण्याचे 100 मायक्रोलिटर. कवच धरलं असेल तर डाळिंबी रंग हलत नाही. उघडे कण बघता बघता निळसर-करडे होतात.

कवच चढण्याआधी सेंट्रीफ्यूज करू नका, कण नळीच्या भिंतीला चिकटतात ते परत सुटत नाहीत. नंतर मात्र जास्तीचं पीईजी काढायला 15,000 जी (गुरुत्वाच्या 15,000 पट), 45 मिनिटं, तीनदा. 12-14 किलोडाल्टनच्या (12,000-14,000 रेणुभारापर्यंतचे रेणू जाऊ देणाऱ्या) डायलिसिस पिशवीतून मोकळं पीईजी नीट निघत नाही. पाण्यात या साखळ्या फुगून बसतात.

कवच चढलं म्हणजे कण शरीराला निर्धोक झाले असं नाही. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं, ताप आणणारं विष) वेगळं तपासावं लागतं, आणि सोन्याचा स्वतःचा रंग त्या मोजणीत घोळ घालतो, म्हणून नुसत्या कणांचा कोरा नमुना सोबत हवाच. शरीरातलं सिस्टीन आणि ग्लुटाथायॉन ही थायॉल असलेली संयुगं हळूहळू एकेरी थायॉलची जागा घेतात. कण दिवसभर रक्तात फिरायला हवे असतील, तर लिपोइक आम्लाचं दुहेरी गंधक असलेलं पीईजी घ्या.