ट्रायलचा क्रमांक खरा, फोनवरचा माणूस खोटा

दमा, लठ्ठपणा किंवा हृदयविकारावरची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची माणसांवरची चाचणी, शोधताना माणूस एखादा फॉर्म भरतो: नाव, वजन, आजार, फोन. काही मिनिटांत फोन येतो. ‘तुमची निवड झाली. दोनच जागा उरल्यात. नोंदणी शुल्क आजच भरा, पहिल्या भेटीत परत मिळेल.’

निवड अशी फोनवर होत नसते. दम्याच्या बऱ्याच ट्रायलमध्ये श्वासनलिका मोकळी करणारं औषध देण्याआधी आणि दिल्यावर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढते का, ते पाहतात. लठ्ठपणाच्या औषधांसाठी बहुधा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचं माप) 30 किंवा अधिक लागतो, अथवा 27 आणि सोबत रक्तदाबासारखा आजार. या तपासण्या संमतिपत्रावर सही झाल्यानंतरच होतात. प्रायोगिक औषधाचा खर्च सहसा प्रायोजक, म्हणजे ट्रायल घडवून आणणारी कंपनी किंवा संस्था, उचलतो. प्रवेशासाठी पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा.

शंका घेतली तर समोरचा लगेच ‘एनसीटी’ आणि पुढे आठ अंक असा क्रमांक देतो. ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर तो सापडतो, आणि इथेच लोक निर्धास्त होतात. क्रमांक खरा असतो, पण दुसऱ्याच्या ट्रायलचा उचललेला. ती नोंद पूर्ण उघडा. स्थिती ‘रिक्रूटिंग’ (भरती सुरू) आहे की ‘कम्प्लीटेड’ (संपलेली)? आजार आणि वयाची अट जुळते का? केंद्रांच्या यादीत तुम्हाला सांगितलेलं रुग्णालय आहे का? मग त्या रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर स्वतः फोन लावा; आलेल्या नंबरवर उलट फोन करून काहीच सिद्ध होत नाही. नोंद म्हणजे सरकारी मान्यता, असंही नाही. माहिती प्रायोजक किंवा संशोधक स्वतः भरतात, आणि स्टेम सेल उपचारांसाठी रुग्णांकडूनच पैसे घेणाऱ्या क्लिनिकांच्या नोंदीही तिथे आढळल्या आहेत.

प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, वापरणाऱ्या ट्रायलमध्ये ‘तुम्हाला खरंच औषध मिळेल’ ही हमी तर उघड खोटी. डबल ब्लाइंड ट्रायलमध्ये कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो, हे तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसतं.

पैशांपेक्षा आम्हाला जास्त भीती वाटते ती ‘तयारी म्हणून सध्याची औषधं बंद करा’ या सूचनेची. रोजचा स्टेरॉइड इन्हेलर सोडला तर दम्याचा जीवघेणा झटका येऊ शकतो. हृदयाचे ठोके मंद करणारं बीटा ब्लॉकर औषध अचानक थांबवलं तर हृदयविकाराचा. खऱ्या ट्रायलमध्ये काही औषधं थांबवतात, पण संमतीनंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि कोणतं औषध किती वेळ थांबवायचं ते लेखी देऊन. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवा, मग पोलिसांत तक्रार करा. संदेश आणि पावत्या पुसू नका. ज्या रुग्णालयाचं नाव वापरलं गेलं, त्यालाही सांगा. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. त्यालाही पैसे देऊ नका. तुमचा नंबर त्याला पहिल्याच टोळीकडून मिळालेला असू शकतो.