उतारवयातील गाण्यासाठी मिरजेचा तंबोरा

निवृत्तीनंतर गाणे शिकायला बसलेल्या माणसाने मोबाइलमधील तानपुऱ्यावर (तंबोऱ्याचेच दुसरे नाव) भागवावे की खरा तंबोरा घ्यावा, असे कोणी विचारले तर माझे उत्तर स्पष्ट आहे: घरात वाद्य सुरक्षित राहील असा कोपरा असेल, तर मिरजेला जाऊन तंबोराच घ्यावा.

आम्ही पती-पत्नींनी सतारमेकर गल्लीतील एका छोट्या दुकानातून तो घेतला. शिकलगार घराण्यांनी तेथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली त्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी ग्राहकाच्या उपयोगी पडतो तो कारागिराचा कान. या दुकानातील वयस्क कारागिराने एकही वाद्य पुढे करण्यापूर्वी माझ्या पत्नीला षड्ज, म्हणजे ‘सा’, लावायला सांगितला. तरुणपणी हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांचा आवाज वयानुसार बराच खाली येतो, त्यामुळे ‘बायकांचा’ म्हणून सरसकट दिला जाणारा लहान तंबोरा अशा आवाजाखाली पोकळ वाटतो, असे त्यांचे म्हणणे पडले. पट्टी काळी दोनच्या आसपास ठरल्यावर त्यांनी जरा मोठ्या भोपळ्याचे वाद्य काढले आणि त्या पट्टीला पेलतील अशा जाडीच्या तारा चढवल्या.

खरे कौतुक जवारीचे, म्हणजे तारेला घुमारा देणाऱ्या जुळणीचे, करायला हवे. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा केसभर इकडेतिकडे झाला तरी नाद मिटतो, आणि नेमक्या जागी आला की तारेतून वेगवेगळे स्वर ऐकू येऊ लागतात. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेत तर गंधार (ग) स्वच्छ उमटतो. मोबाइलच्या तानपुऱ्यात हे सारे तयार मिळते, म्हणूनच ते शोधण्याची वेळ येत नाही. पंचम नसलेला मालकंस राग शिकताना पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणावी लागते, तेव्हा खुंटी पिळणारा एक आणि ‘अजून किंचित वर’ म्हणणारा दुसरा, अशी दोन माणसे आपोआप जवळ बसतात. दिवसभर एकमेकांशी कामापुरते बोलणाऱ्या जोडप्यांना याचे मोल निराळे सांगायला नको. एकाने गायचे तर दुसऱ्याने तंबोरा छेडायचा, या सोयीपोटी शेजारच्या दोन भगिनीही सायंकाळी येऊ लागल्या असून त्यांतील एकीला गाण्यापेक्षा तंबोरा धरण्यातच अधिक गोडी आहे.

उणिवा आहेत. वाद्य अवजड आहे, रिक्षातून नेताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि पावसाळी हवेत स्वर वारंवार उतरतात. मांडी घालणे जमत नसेल तर तंबोरा समोर बुटक्या मेजावर आडवा ठेवून छेडता येतो, पण ही साधी गोष्ट दुकानात आपणहून कोणी सांगितली नाही. आमच्या शिक्षिकेकडून ती कळली. गवसणीचे, म्हणजे वाद्याच्या खोळीचे, पैसेही वेगळे लावले, आणि ते हिशेब करताना सांगितले.

वाजवून वाजवून घोडी झिजते व जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. सांगलीकरांना त्यासाठी मिरज हाकेच्या अंतरावर आहे. लांबच्या ग्राहकाने मात्र ती सेवा कशी मिळेल, हे पैसे मोजण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.