डेप्युटेशन, तिकडची नोकरी की आखात? परदेशी निघालेल्या मुंबईकराच्या पीएफचा हिशेब

परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं की घरात आधी पगाराचं बोलणं होतं, मग व्हिसाचं, मग बॅगांचं. पीएफची आठवण होते ती निघायच्या आठवड्यात. तोवर ऐरोलीच्या किंवा गोरेगावच्या ऑफिसातल्या एचआरने दोन पर्याय पुढे ठेवलेले असतात. इथल्याच पगारपत्रकावर राहून डेप्युटेशनवर जा, नाहीतर इथला राजीनामा द्या आणि तिथल्या कंपनीत लागा. आखातात जाणाऱ्याला तर पर्यायच नसतो, त्याच्या इथल्या खात्यात पैसे भरणं नोकरी सुटली त्या दिवशी थांबतं.

यात बहुतेक जण टक्केवारी बघतात: तिकडे किती कापतात, इकडे किती. माझ्या मते आधी वर्षं मोजावीत. निवृत्तिवेतन देणाऱ्या बहुतेक देशांची किमान वर्षांची एक अट असते. ती तुमच्याकडून पुरी होणार आहे का, यावर बाकी सगळं ठरतं.

डेप्युटेशन: पीएफ इथेच, वर्गणी एकदाच

भारताने सामाजिक सुरक्षा करार (एकाच वेळी दोन्ही देशांत पेन्शनची वर्गणी भरावी लागू नये यासाठीचा करार) केलेल्या देशांत जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्वीडन, डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आणि दक्षिण कोरिया आहेत. पहिला करार बेल्जियमबरोबरचा, तो सप्टेंबर २००९ पासून लागू झाला. या देशांत कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलं, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून कव्हरेज प्रमाणपत्र घेता येतं. इथे पीएफ भरला जातोय एवढं त्या कागदावरून सिद्ध होतं आणि तिथली वर्गणी माफ होते. बहुतेक करारांत ही सवलत ६० महिन्यांपर्यंत चालते.

अर्ज ऑनलाइन होतो, पण त्यात कंपनीचाही भाग असतो, म्हणून एचआरच्या मागे लागावं लागतं. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय निघू नये. ते नसेल तर तिथली कंपनी पहिल्या महिन्यापासून वर्गणी कापू लागते आणि ती परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. कोणकोणत्या वर्गण्या माफ होतात हे देशागणिक बदलतं, त्यामुळे आरोग्य विम्याचं वेगळं विचारून घ्या.

आता पैशांचं. समजा इथला बेसिक ८०,००० रुपये आहे. तुमचे १२ टक्के म्हणजे ९,६०० आणि कंपनीचे तेवढेच, असे महिन्याला १९,२०० जमा होतात. तुम्ही जुने पेन्शन सदस्य असाल तर त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आला असाल आणि तेव्हाच पगार १५,००० च्या वर असेल, तर तुम्ही त्या योजनेत नाही, सगळी रक्कम पीएफमध्येच जाते. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. एवढा दर देणारी सुरक्षित जागा परदेशात सहज सापडत नाही.

पण डेप्युटेशनवर गेल्यावर बेसिक इथलाच राहतो. तिकडचा खर्च भागवायला मिळणारा भत्ता पीएफच्या हिशेबात सहसा धरला जात नाही. म्हणजे तुम्ही फ्रँकफर्टमध्ये राहता, भविष्यासाठीची बचत मात्र ठाण्यातल्या पगारावर होते. कंपनीची दुहेरी वर्गणी वाचते, ती बचत तिच्याच खिशात राहते. या बचतीतला वाटा भत्त्यात मागायला हरकत नाही, आणि मागणाऱ्याला तो मिळण्याची शक्यता न मागणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त. शिवाय व्हीपीएफ, म्हणजे १२ टक्क्यांच्या वर स्वखुशीने भरायची पीएफची वर्गणी, वाढवता येते. तुमची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो एवढं ध्यानात ठेवा.

दोन-तीन वर्षांत परत यायचं पक्कं असेल, तर करार असलेल्या देशासाठी मी डेप्युटेशनच सुचवेन. सेवा सलग राहते आणि परतल्यावर खात्याचं काहीच करावं लागत नाही.

तिकडच्या पगारावर: तीन देश, तीन वेगळी गणितं

जर्मनीत पेन्शनची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मी तुमची, निम्मी कंपनीची. महिन्याला ५,००० युरो पगार असेल तर तुमचे ४६५ आणि कंपनीचे ४६५. तिथली किमान अट ६० महिन्यांची. ती पुरी झाली की म्हातारपणी मुंबईत बसूनही तिथलं पेन्शन मिळू शकतं. त्याआधीच परतलात तर २४ महिने थांबून वर्गणी परत मागता येते, पण फक्त तुमची. तीन वर्षांच्या नोकरीत तुमचे १६,७४० युरो परत येतील आणि कंपनीने भरलेले तेवढेच तिथे राहतील. परतावा घेतला की ते महिनेही हिशेबातून पुसले जातात. एरवी करारामुळे दोन्ही देशांची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरली जातात आणि प्रत्येक देश आपापल्या वर्षांपुरतं पेन्शन देतो. म्हणून ५० व्या महिन्याला परतायचा विचार करणाऱ्याने आणखी दहा महिने काढता येतात का हे जरूर बघावं.

जपानचं गणित तऱ्हेवाईक आहे. करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात आणि वर्गणी १८.३ टक्के, तीही निम्मी-निम्मी. देश सोडल्यावर एकरकमी परतावा मिळतो, पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो आणि हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षंच धरतात. सरासरी मासिक वेतन तीन लाख येन असेल आणि नोकरी ३६ महिन्यांची, तर परतावा सुमारे ९ लाख ९० हजार येन होतो. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो, म्हणजे दोन लाखांहून जास्त येन. हा कर परत मागता येतो, मात्र त्यासाठी जपानमध्ये तुमच्या वतीने करविषयक कामं बघणारी एखादी व्यक्ती नेमावी लागते. निघण्यापूर्वी एखाद्या सहकाऱ्याला विनंती करून ते कागद भरून ठेवा, मुंबईत आल्यावर ते जमवणं फार कठीण जातं.

अमेरिकेशी आपला असा करार नाही, आणि आपल्याकडची सर्वांत जास्त आयटीवाली मुलं तिकडेच जातात. एच-१बी वर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर, पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनाची वर्गणी) आणि १.४५ टक्के मेडिकेअर (म्हातारपणीच्या आरोग्य विम्याची वर्गणी) कापलं जातं. निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी ४० क्रेडिट, म्हणजे तिथल्या कमाईवर मिळणारे गुण, लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात, म्हणजे दहा वर्षं. एच-१बी ची साधारण मुदत सहा वर्षांची. ग्रीन कार्डच्या रांगेत नसलेला माणूस २४ क्रेडिट घेऊन परत येतो. ते पैसे परत मिळत नाहीत आणि करार नसल्यामुळे इथली वर्षं त्यात मिळवताही येत नाहीत. महिन्याला ९,००० डॉलर पगार असेल तर फक्त सोशल सिक्युरिटीचे ५५८ डॉलर जातात. डेप्युटेशनवर गेलात तरी इथला पीएफ आणि तिथली कपात दोन्ही चालू राहतात. म्हणून अमेरिकेच्या पगाराची तुलना करताना ही रक्कम सरळ वजा करूनच बघा.

ब्रिटनबाबत जुलै २०२५ च्या व्यापार कराराबरोबर दुहेरी वर्गणी टाळण्याची वाटाघाट झाली. तुमच्या जाण्याच्या तारखेला ती सवलत लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आखात आणि सिंगापूर: इथे स्वतःचीच सोय

दुबई-अबुधाबीत परदेशी कामगाराला सरकारी निवृत्तिवेतन नाही. मिळते ती ग्रॅच्युइटी: एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार ६,००० दिरहम असेल तर वर्षाचे ४,२०० आणि पाच वर्षांचे २१,०००. शब्द मूळ पगार असा आहे. एकूण पगार दहा हजार दाखवून मूळ तीन हजारच लिहिणारी पत्रं येतात, तेव्हा सही करण्याआधी हा आकडा बघा, कारण पुढची सगळी ग्रॅच्युइटी त्यावरच ठरते. सिंगापूरची भविष्य निधी योजनाही तिथल्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठीच आहे.

रत्नागिरी-रायगडहून मुंबईमार्गे गेलेल्या कितीतरी कुटुंबांत वीस-वीस वर्षं आखातात काढलेला माणूस परत येतो तेव्हा घर बांधलेलं असतं, मुलींची लग्नं झालेली असतात, पण दरमहा येणारं काहीच नसतं. ही गोष्ट मला फार लागते. इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. तो चांगलाच आहे, पण त्याने म्हातारपण निघत नाही.

त्यांच्यासाठी एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, हा खरा पर्याय. अनिवासी भारतीयाला ऑनलाइन खातं उघडता येतं, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासींची इथली बँक खाती) पैसे भरता येतात, आणि वर्षाला १,००० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. टियर दोन, म्हणजे कधीही पैसे काढता येणारं जोडखातं, मात्र अनिवासींना मिळत नाही. परतावा बाजारावर अवलंबून, त्यामुळे पीएफसारखा जाहीर दर नाही. साठीला पूर्वी ४० टक्के रक्कम वर्षासनात (ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत) गुंतवावी लागायची. डिसेंबर २०२५ च्या बदलानंतर बिगर-सरकारी सदस्यांसाठी ती अट २० टक्क्यांवर आली आहे. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही अशा माणसाने मात्र वर्षासनात जास्तच टाकावेत असं मला वाटतं. पीपीएफचं थोडक्यात सांगायचं तर अनिवासींना नवीन खातं उघडता येत नाही, असलेलं पंधरा वर्षांपर्यंत चालवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

इथलं जुनं खातं काढायचं की ठेवायचं?

राजीनामा दिल्यावर पीएफ काढून एजंटचे किंवा विमानाचे पैसे भरणारे पुष्कळ. माझा सल्ला, जमेल तोवर हात लावू नका. नोकरी सोडल्यावरही ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळत राहतं. नोकरीनंतर जमलेल्या व्याजावर कर लागतो, तरी दर चांगला पडतो. कायमचे परदेशी स्थायिक होणाऱ्यांचं वेगळं आहे: त्यांनी ३६ महिन्यांत दावा केला नाही तर खातं निष्क्रिय होऊन व्याज थांबतं. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी रक्कम काढली तर ती करपात्र होते, हेही लक्षात असू द्या.

पेन्शन योजनेचे पैसे काढण्याआधी तर दोनदा विचार करा. दहा वर्षं पुरी झाली की ५८ नंतर पेन्शन मिळतं. १५,००० च्या मर्यादेवर दहा वर्षांचं पेन्शन महिन्याला सुमारे २,१४३ रुपये येतं, रक्कम लहानच. पण आठ वर्षांनी बाहेर जाणाऱ्याने पैसे काढले की ती आठही वर्षं शून्य होतात, आणि योजना प्रमाणपत्र (झालेली वर्षं जपून ठेवणारा दाखला) घेतलं तर परतल्यावर उरलेली दोन वर्षं जोडता येतात.

मुंबई सोडण्याआधी मोबाइलवर करायची कामं

हे सगळं ऑनलाइन आहे खरं, पण त्याची किल्ली आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइल नंबरात आहे. ओटीपी तिथेच येतो. सिम बंद पडलं की यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) वापरून खातं उघडत नाही, दावा करता येत नाही, ई-साइन होत नाही. म्हणून नंबर रोमिंगवर चालू ठेवा, किमान रिचार्ज चुकवू नका, आणि घरी आई-बाबांना तो रिचार्ज करायला शिकवून जा.

दुसरं बँक खातं. अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओमध्ये बदलावं लागतं. खाते क्रमांक बदलला असेल तर यूएएनमध्येही बदला. एप्रिल २०२५ पासून त्याला कंपनीच्या मंजुरीची गरज राहिलेली नाही. एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागू शकतं.

जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते पासबुकाबरोबर तपासा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः आधार ओटीपीने भरू शकता. नावात किंवा जन्मतारखेत आधार आणि पीएफमध्ये फरक असेल तर तो मात्र इथे असतानाच मिटवा. वेळ पडली तर वांद्रे पूर्वेचं, कांदिवलीचं किंवा ठाण्याचं पीएफ कार्यालय गाठता येतं, म्युनिकहून ते शक्य नाही. हीच गोष्ट उलट्या दिशेने लागू आहे: जर्मनी, जपान किंवा अमेरिकेतलं वर्गणीचं ऑनलाइन खातं तिथे राहत असतानाच उघडा, कारण ओळख पटवण्यासाठी तिथला पत्ता, फोन किंवा कार्ड मागतात.

शेवटी ई-नामनिर्देशन. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असतं आणि लग्न झालं की ते नामनिर्देशन नियमानुसार आपोआप रद्द ठरतं. नवीन भरायचं तर वारसाचा फोटो, आधार आणि तुमच्या आधारवरचा ओटीपी लागतो, म्हणून ते इथे असताना, दोघं शेजारी बसून भरा.