‘सोर्स कोडसहित’ म्हणून विकलेलं प्लगइन

आमचा गेम युनिटी या गेम इंजिनवर बनवलेला, टीम दोघांचीच. खेळाडूंची प्रगती सेव्ह करण्यासाठी आम्ही एक प्लगइन, म्हणजे गेमला जोडायचा तयार कोड, विकत घेतलं. वर्णनात लिहिलं होतं: सोर्स कोडसहित, अपडेट कायम मोफत, आणि डेटा ‘आमच्या स्वतःच्या सुरक्षित फॉरमॅट’मध्ये.

सोर्स कोड (प्रोग्रामचा वाचता, बदलता येणारा मूळ मजकूर) मिळाला, पण फक्त सी शार्प या भाषेतल्या भागाचा. मी वरवर चाळला आणि निर्धास्त झालो. नीट वाचला असता तर तेव्हाच दिसलं असतं की प्रत्येक फंक्शन आतल्या एका एसओ फाइलला, म्हणजे आधीच कंपाइल करून (मशीनच्या भाषेत बदलून) दिलेल्या लायब्ररीला, हाक मारतंय. खरं काम त्या बंद लायब्ररीत चाललं होतं आणि तिचा कोड आम्हाला कधी दिलाच नव्हता.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. मग गुगल प्लेचा नियम आला. 1 नोव्हेंबर 2025 पासून, अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढची आवृत्ती टार्गेट करणारं, प्लेवर नव्याने किंवा अपडेट म्हणून चढवलेलं अ‍ॅप 16 केबीच्या मेमरी पेजवर (फोन ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत मेमरी वापरतो ते तुकडे) चालायलाच हवं. आधी अँड्रॉइडवर हे पेज 4 केबीचं असायचं. इंजिन आम्ही वेळेत अपडेट केलं होतं. अँड्रॉइड स्टुडिओच्या, अ‍ॅपमधल्या फाइली तपासणाऱ्या एपीके अ‍ॅनालायझरमध्ये पाहिलं तर एकच फाइल अडत होती, तीच एसओ. ती पुन्हा कंपाइल करायला मूळ कोड लागतो. म्हणजे एका परक्या फाइलीपायी आमचा अख्खा गेम अडकला.

विक्रेत्याला लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: ते उत्पादन बंद झालं, कायमचे अपडेट त्या उत्पादनापुरतेच होते, आता नवं विकत घ्या. पुढचं वाक्य आमच्या वर्मावर बसलं: ‘जुने सेव्ह फक्त आमची नवी आवृत्तीच वाचू शकते.’ महिनोन्‌महिने खेळलेल्या लोकांची प्रगती पुसायची कशी? आम्ही पुन्हा पैसे भरले.

नव्या प्लगइनमध्ये फंक्शनची नावं बदललेली होती, बाकी सगळं तेच. जुनी सेव्ह फाइल दिली की खेळ पहिल्या पातळीपासून सुरू व्हायचा. तक्रार केली, उत्तर नाही. परतावा मागितला, तर डाउनलोड झालेल्या मालाचे पैसे परत मिळत नाहीत म्हणे.

शेवटी माझ्या जोडीदाराने ती सेव्ह फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला कच्चा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. सुरुवातीलाच स्वच्छ अक्षरं होती: ‘एसक्यूलाइट फॉरमॅट 3’. एसक्यूलाइट हा डेटाबेस पब्लिक डोमेनमध्ये आहे, तो कुणीही वापरावा, विकावा, त्यात काहीच गैर नाही. पण त्याच्या फाइलीचं एक्स्टेन्शन बदलून ‘आमचा फॉरमॅट’ म्हणायचं आणि ‘फक्त आम्हीच वाचू शकतो’ अशी भीती घालून दुसऱ्यांदा पैसे काढायचे, ही सरळ फसवणूक आहे. त्याच संध्याकाळी एका साध्या फुकट डेटाबेस ब्राउझरमध्ये आम्हाला सगळी टेबलं वाचता आली.

तुम्ही प्लगइन घेतलंत तर परताव्याची मुदत असतानाच त्याचे सगळे फोल्डर उघडा आणि एसओ, डीएलएल, एएआर अशा आधीच कंपाइल केलेल्या फाइली शोधा. त्यांचा कोड सोबत नसेल, तर ‘सोर्स कोडसहित’ या शब्दांना अर्थ नाही. विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉटही त्याच दिवशी काढून ठेवा. आमच्याकडे ते नव्हते आणि जुनं पान आता काढून टाकलेलं आहे, त्यामुळे काय कबूल केलं होतं हे दाखवायला हातात काहीच नाही. सेव्ह फाइल तर पहिल्याच दिवशी हेक्स एडिटरमध्ये उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

सेव्हचा कोड आता आम्ही स्वतः लिहिलाय, आणि खेळाडूंची जुनी प्रगती त्यात आणली आहे. त्या विक्रेत्याच्या नव्या प्लगइनच्या वर्णनात मात्र आजही ‘सोर्स कोडसहित’ असंच लिहिलेलं आहे.