स्कोपसाठी टॉर्क ड्रायव्हर: बोहरी आळीपासून भोसरीपर्यंत

आधीच सांगते, मी नेमबाज नाही. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत एकवीस वर्षं क्वालिटीत आहे. रायफल आमच्या भाऊजींची. 2024 च्या ऑगस्टमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे पेढ्यांसोबत एअर रायफलचा विषय निघाला. महिनाभरात ती घरात आलीसुद्धा. .177 कॅलिबरची, स्प्रिंगवाली, वर स्कोप, म्हणजे नेमासाठीची दुर्बीण. कुसाळेच्या प्रकारात स्कोप चालतच नाही, तो बारीक भोकातून बघून नेम धरतो, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "वहिनी, तो कुसाळे आहे," एवढंच उत्तर मिळालं.

पहिला स्कोप भाऊजींनी स्वतः बसवला. ॲलन कीची आखूड बाजू स्क्रूत, लांब बाजू हातात, आणि हात थांबेपर्यंत आवळ. तीन आठवड्यांनी तक्रार सुरू झाली: कागदावर छर्रे आज इथे, उद्या तिथे. स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा मी उघडल्या. स्कोपच्या नळीवर दोन्ही रिंगांच्या कडेला चंद्रकोरीसारख्या चंदेरी रेघा उमटल्या होत्या, काळा अ‍ॅनोडाइझचा थर उडालेला. नख फिरवलं तर अडकत होतं. जाडी मोजायला व्हर्नियर लावला. एक इंची नळी म्हणजे 25.4 मिमी हवी; आडवी बरोबर, उभी 25.28. वरची झूमची रिंग तर लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखी दोन हातांनी फिरवावी लागत होती.

यात भाऊजींची पूर्ण चूक म्हणता येणार नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का दोन्हीकडून बसतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे झेप घेते. त्या दुसऱ्या धक्क्याने स्कोप रुळावरून हळूहळू सरकतो. सरकला की माणूस आवळतो, परत सरकला की आणखी आवळतो. खरं तर त्यावर उपाय म्हणजे माउंटची, म्हणजे रिंगांच्या जोडणीची, स्टॉप पिन. ती रायफलच्या भोकात बसली की सरकायचा प्रश्न मिटतो. आमची पिन पाकिटातच होती.

तर नवा स्कोप घेतला, आणि तो मी बसवणार असं जाहीर केलं. हत्यार नीट हवं म्हणून टॉर्क ड्रायव्हरचा, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच (टॉर्कपर्यंतच) स्क्रू आवळणाऱ्या ड्रायव्हरचा, शोध सुरू केला.

किती आवळायचं हा आकडा फार अवघड नाही. रिंगच्या वरच्या टोपीच्या स्क्रूंना साधारण 15 ते 18 इंच-पाउंड. व्होर्टेक्ससारखे स्कोपवालेही तेवढंच सांगतात. आपल्या रिंगच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. घोळ होतो तो एककांत. अमेरिकन पत्रक इंच-पाउंड बोलतं, युरोपातला ड्रायव्हर न्यूटन-मीटर, आपल्याकडच्या जुन्या हत्यारांवर किलो-सेंटीमीटर, आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे ड्रायव्हर सेंटी-न्यूटन-मीटर. 18 इंच-पाउंड म्हणजे 2.03 न्यूटन-मीटर, म्हणजे 20.7 किलो-सेंटीमीटर. मी हे एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय, कारण भाऊजी "18" एवढंच लक्षात ठेवतात, आणि 18 न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ 159 इंच-पाउंड होतात. स्क्रूचं डोकं हातात येईल.

शनिवारी पुण्यात बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात गेले. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने काळा पाना काढला: "मॅडम, हाच न्या, 28 पासून 210 पर्यंत जातो." गाडीच्या चाकाच्या नटांचा. मला 2 न्यूटन-मीटर हवेत म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दोन तर हातानेच होतात की!" दुसऱ्या दुकानात सायकलवाल्यांचा निघाला, 2 ते 24 चा. हा बऱ्याच जणांना पटतो, कारण 2 हा आकडा त्यावर दिसतो. पण स्केलच्या अगदी तळाशी कुठल्याही स्प्रिंगच्या टॉर्क पान्यावर विश्वास ठेवू नये. काम मधल्या पट्ट्यात यावं. शिवाय त्या लांब दांड्याला 2 ला जो 'टक्' होतो तो इतका पुसट असतो की रस्त्यावरच्या रिक्षाच्या आवाजात ऐकूच येत नाही, आणि हात पुढे निघून जातो.

म्हणून माझी पहिली अट ठरली: टक् करणारा नको, घसरणारा हवा. काही ड्रायव्हरमध्ये आकडा गाठला की आतला क्लच सुटतो आणि मूठ मोकळी फिरते. कितीही जोर लावा, स्क्रूला पुढे काही पोचत नाही. ज्यांच्या घरात माझ्या भाऊजींसारखा माणूस आहे त्यांनी हीच जात घ्यावी.

रविवारी जुन्या बाजारात एक जपानी ड्रायव्हर सापडला, देखणा, मुठीवरचे आकडे कोरलेले. चारशे रुपये म्हणाला, अडीचशेला सुटला. सोमवारी कंपनीत टॉर्क मोजणाऱ्या टेस्टरवर लावला: 2 ला ठेवून दहा वेळा फिरवला, दहा वेगळी उत्तरं. बहुतेक वर्षानुवर्षं वरच्या आकड्यावरच आवळून ठेवलेला, आतली स्प्रिंग बसलेली. तो आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे आणि त्या कामात उत्तम आहे.

ऑनलाइनही एक मागवला, नाव घेण्यासारखं नाव त्यावर नव्हतं. चकचकीत डबा, वीस बिट, आणि इंग्रजीत "प्रिसिजन" तीन ठिकाणी. 2 ला लावला की पहिल्या फेरीत 1.5, चौथ्या फेरीत 2.6. बिटही मऊ निघाले. टी-15 चं (चांदणीच्या आकाराच्या बिटचं) टोक दुसऱ्याच स्क्रूला गोल झालं. परत पाठवला, पैसे आले, एवढं बरं झालं.

कोणी म्हणेल, इतकी वर्षं हत्यारात असलेल्या बाईला हाताचा अंदाज नाही का? मलाही तेच वाटायचं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत टेस्टरचा डिस्प्ले झाकला आणि असेंब्लीतल्या पाच जणांना सांगितलं, अंदाजाने 2 न्यूटन-मीटर आवळा. सगळ्यात कमी 1.4, सगळ्यात जास्त 3.6. 3.6 वाला आमचा सगळ्यात जुना फिटर. माझे 2.7. त्यानंतर तो फिटर माझ्याशी दोन दिवस जरा कमीच बोलला.

बंदुकीच्या छंदवाल्यांत व्हीलर कंपनीचा फॅट रेंच नावाचा टॉर्क ड्रायव्हर प्रसिद्ध आहे. 10 ते 65 इंच-पाउंड, त्यामुळे टोपीचे स्क्रू आणि खालच्या बेसचे जाड स्क्रू दोन्ही एकात येतात. भाऊजींच्या मित्राकडचा हातात घेऊन पाहिला. मूठ जाडजूड, पकड छान. ज्यांचा सगळा व्यवहार इंच-पाउंडात आहे त्यांना सोयीचा. मला मात्र माझ्या 15 ते 18 साठी 65 पर्यंतची लांबलचक पट्टी नको होती. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक आकड्याचे छोटे लिमिटर, फिक्स इट स्टिक्स ही कंपनी विकते तसे: एका आकड्याला एक तुकडा, फिरवून लावायची भानगडच नाही. चुकायला जागा उरत नाही, पण प्रत्येक आकड्याला वेगळे पैसे.

शेवटी भोसरीतल्याच इंडस्ट्रियल टूल्सच्या डीलरकडून वेरा कंपनीचा 7441 हा ड्रायव्हर घेतला. 1.2 ते 3.0 न्यूटन-मीटर, म्हणजे माझा 2 बरोबर मध्यावर. अचूकता अधिक-उणे 6 टक्के, म्हणजे 2 ला सांगितलं तर 1.88 ते 2.12 मध्ये. किंमत पाच आकडी. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर एवढंच सांगते की तेवढ्यात एक बरा स्कोप येतो, आणि तेवढ्याच किमतीचा एक आम्ही रेघा मारून फुकट घालवला.

टेस्टरवर दहा फेऱ्या: सगळ्यात कमी 1.96, सगळ्यात जास्त 2.05. सुटतो तेव्हा मुठीत एक छोटासा, रबरी झटका येतो. डोळे मिटूनही कळतो. उणे बाजू: मी घेतला त्यात बिट नव्हते. चांगले टी-15 आणि 2.5 मिमी हेक्स वेगळे घ्या, आणि ते बोहरी आळीत मिळतात, त्यामुळे ती फेरी अगदीच वाया गेली नाही.

बसवताना स्क्रू कोरडे आणि स्वच्छ ठेवले. टॉर्कचा फार मोठा भाग घर्षणातच खर्च होतो, स्क्रू ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तेलाचा थेंब लागला की घर्षण कमी होतं आणि त्याच 2 वर पकड कितीतरी जास्त बसते. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद, लॉकटाइट, ओला असताना तेच करतो. म्हणून टोप्यांच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट लावू नका, कोणी कितीही सांगो. आधी सगळे स्क्रू बोटाने टेकवले, टोपीखालच्या दोन्ही बाजूंच्या फटींत एकच फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून त्या समान केल्या, मग कोपऱ्याकोपऱ्याने 1.2, 1.6, 2.0. प्रत्येक वेळी मूठ हळू फिरवायची. झटका दिला तर क्लच सुटायच्या आत स्क्रू पुढे गेलेला असतो.

काम झालं की ड्रायव्हर 1.2 वर आणून ठेवायचा. त्याच्या खाली फिरवायचा नाही, आणि 2 वर सोडायचाही नाही, नाहीतर तो जुन्या बाजारातल्या भावाच्या वाटेने जाईल. कॅलिब्रेशनला साधारण नियम असा की 5000 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. घरी 5000 फेऱ्या व्हायला भाऊजींना दोनशेहून जास्त स्कोप बसवावे लागतील, त्यामुळे वर्षच धरायचं. भोसरी-चिंचवडला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅब भरपूर आहेत. रेंज आधी फोनवर विचारा, सगळ्यांकडे एवढ्या खालच्या टॉर्कची सोय असेलच असं नाही.

चार महिन्यांनी परवा रिंगा मुद्दाम उघडल्या. नळीवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. स्टॉप पिन जागेवर होती. डबा उघडला तर ड्रायव्हर 2.4 वर होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सायकलच्या बाटलीचा स्टँड ढिला झाला होता." आता डब्याला छोटं कुलूप आहे.