सागवानी झोपाळा: लाखेचं पॉलिश की पीयू?

जुना झोपाळा घरीच घासायचा तर आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि हात कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. इथवर दोन्हींची मेहनत सारखीच.

लाखेचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून फिरवत राहायचं. हात थांबला की फडकं चिकटतं आणि डाग उमटतो. थर पटकन सुकतो, त्यामुळे एका दिवसात चार-पाच हात सहज होतात. साग मधासारखा उजळतो. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी हात मारा, नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. गरम चहाचा कप मात्र पांढरं वर्तुळ उमटवतो. आणि काम करताना जवळपास देवाचा दिवासुद्धा नको, स्पिरिट भडकतं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप. दोन डब्यांतला माल एकत्र मिसळून लावायचा हा पीयू पाणी आणि उष्णता कितीतरी जास्त सोसतो. पण मिसळलेला माल त्याच दिवशी संपवावा लागतो, वाफेसाठी चांगला मास्क हवाच, आणि ओरखडा निघायला बहुधा अख्खी फळी घासावी लागते.

जेवणाच्या टेबलाला मी पीयूच लावेन. झोपाळ्याला लाखच, आजीच्या बोटांनी गुळगुळीत झालेली त्याची कड हाताला तशीच लागायला हवी.