साडेचार हजारांचे प्रशिक्षण आणि पेणची उघाडी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरी शहराजवळ झालेल्या पाच दिवसांच्या एका निवासी प्रशिक्षणाला मी पदरचे ४,५०० रुपये भरून गेलो होतो. माध्यमिक शाळेत अभियांत्रिकीची गोडी कशी लावावी हे विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना शिकवणे, आणि हे काम करणाऱ्या शिक्षकासमोर कोणत्या व्यावसायिक संधी आहेत हे दाखवणे, अशी दोन आश्वासने माहितीपत्रकात दिली होती. पहिले आश्वासन संस्थेने बऱ्याच अंशी पाळले. दुसऱ्याबाबत माझी तक्रार आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशी प्रशिक्षणे आता ठिकठिकाणी निघू लागली आहेत आणि माहितीपत्रकांतला मजकूर बहुधा एकमेकांवरून उतरवलेला असतो.

राहण्याजेवण्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. खोल्या स्वच्छ होत्या, सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळे आणि दुपारच्या ताटात सोलकढी चुकली नाही. आम्ही एकंदर २६ जण होतो. त्यांत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतले शिक्षक होते, आणि जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळांतल्या बाई संख्येने अधिक होत्या. मार्गदर्शक तिघे, तिघेही पुण्याहून आलेले अभियंते. वय कमी, उत्साह भरपूर, आणि सोबत चार मोठ्या पेट्या भरून साहित्य.

पहिला दिवस विज्ञान आणि अभियांत्रिकी यांच्यातला फरक समजावण्यात गेला आणि तो उत्तम समजावला गेला. तरफेचा नियम सांगणे हे विज्ञान. आणि अमुक एवढ्या लांबीचा बांबू, अमुक एवढी दोरी आणि तासाभराचा वेळ हाताशी असताना विहिरीतून पाण्याची बादली वर आणणारी तरफ करून दाखवणे ही अभियांत्रिकी. मर्यादा आधी ठरवायच्या, त्या मर्यादेत करून पाहायचे, फसले की का फसले ते वहीत लिहायचे आणि पुन्हा करायचे, ही शिस्त त्यांनी पाचही दिवस सोडली नाही. मुलाच्या वहीत फसलेल्या प्रयत्नालाही गुण द्यावेत, हा त्यांचा आग्रह मला विशेष पटला, कारण आपल्या प्रात्यक्षिक वह्यांत फसलेला प्रयोग औषधालाही सापडत नाही.

दुसरा दिवस मात्र वाया गेला. त्रिमितीय मुद्रण यंत्रावर दातेरी चाक छापून दाखवायचे ठरले होते. एक तर पेट्या उघडल्यापासून फिलामेंटचे, म्हणजे छपाईच्या प्लास्टिक तारेचे, रीळ कोकणच्या दमट हवेत तसेच पडून होते, त्यामुळे नळीतून प्लास्टिक बाहेर येताना तडतड आवाज होत होता आणि चाकावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू लोंबत होते. हे रीळ हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे लागते, हे पुण्याच्या प्रशिक्षकाच्या सहज लक्षात येत नाही. त्यातून दोन तास छपाई झाल्यावर वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर फक्त पंखे आणि दिवे. वीज आल्यावर यंत्र जिथे थांबले होते तिथून पुढे जाईना, आणि अर्धे चाक हातात घेऊन आम्ही चहाला गेलो. ज्या किनाऱ्यावर मे महिन्यात वळवाची चाहूल लागताच वीज जाते, तिथे शिकवायचे साहित्य निवडताना हा विचार आधी व्हायला हवा होता. बॅटरीच्या खोक्यांतल्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेने धरलेला हिरवा थर आम्ही शिक्षकांनीच पॉलिश पेपरने घासून काढला.

आता ज्या गोष्टीसाठी हे पैसे मला वसूल वाटतात, तिच्याकडे येतो. तिसऱ्या दिवशी 'आपल्या गावातला प्रश्न' या सत्रात मार्गदर्शकांनी खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून आपोआप बंद होणारे दार करायला सांगितले. त्यांच्या मनातला आराखडा तयारच होता : पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, एक आर्डुइनो (सूचना भरता येणारा छोटा नियंत्रक), एक सर्वो मोटार (हव्या तेवढ्याच कोनात फिरणारी) आणि तिच्या दांड्याला जोडलेले दार. पेण तालुक्यातून आलेल्या एका बाईंनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्याकडे खारबंदिस्तीला उघाडी असते. तिला मोटार नाही, सेन्सर नाही, वीजसुद्धा नाही. भरती आली की ती आपली आपण मिटते आणि ओहोटीला उघडते."

खारबंदिस्ती म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणारा बांध. मार्गदर्शकांना त्यातली उघाडी हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केले, वेळापत्रक बाजूला ठेवले आणि खडू बाईंच्या हाती दिला, हे त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर निर्माण करणारे ठरले. बाईंनी फळ्यावर बांध काढला, बांधाच्या पोटातून जाणारा मार्ग काढला आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीने टांगलेली झडप काढली. खाडीचे पाणी चढले की बाहेरचा दाब झडपेला तोंडावर दाबून धरतो, त्यामुळे खारे पाणी आत येत नाही. पाणी उतरले की आत साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. दोन बाजूंच्या पातळ्यांतला फरक हीच तिची मोटार.

त्यानंतरचे चार तास आम्ही ते करून पाहण्यात घालवले. पारदर्शक प्लास्टिकचा खोका, मधोमध शाडूचा बांध, त्यातून घातलेला सव्वा इंची पीव्हीसी नळाचा तुकडा. आमच्या गटाने पहिली झडप फायलीच्या प्लास्टिकची केली. ती पाण्यावर तरंगली आणि तोंड उघडेच राहिले. दुसरी सायकलच्या ट्यूबची; तिने तोंड मिटले, पण पातळी वाढताच रबर नळाच्या आत ओढले गेले आणि कडेने पाणी झिरपू लागले. तिसऱ्या वेळी रबराला मागून पत्र्याचा तुकडा चिकटवला. झडप ताठ झाली, तरी ओहोटीनंतर नीट बसेना, कारण नळाचे तोंड सरळ उभे होते आणि झडप त्याच्यासमोर नुसती लोंबत होती. शेवटी सिंधुदुर्गातल्या एका सरांनी हॅकसॉने नळाचे तोंड तिरके कापले. त्या उतारावर झडप स्वतःच्या वजनाने टेकली आणि पहिल्यांदा थेंबही आत आला नाही. टाळ्या वाजल्या, आणि त्याच क्षणी नळाच्या कडेने शाडू सुटून बांध फुटला. पेणच्या बाई हसून म्हणाल्या, "खांड (बांधाला पडणारे भगदाड) जाते ती इथंच. नळाभोवती माती नीट चोपली नाही की पाणी तिथनंच वाट काढतं."

आठवीच्या वर्गात बल व दाब हे प्रकरण मी गेली अनेक वर्षे शिकवतो. त्या दुपारी मला जितके कळले तितके त्या प्रकरणातून मी कधी मुलांना दिले असेन, असे वाटत नाही. साहित्याचा एकूण खर्च शंभर रुपयांच्या आत होता. आर्डुइनो अगदीच निरुपयोगी ठरला असेही नाही. दुसऱ्या गटाने त्याच्या साहाय्याने झडप किती मिनिटे मिटलेली राहते याची नोंद ठेवली, आणि यंत्राचा तो उपयोग मला दार हलवण्यापेक्षा शहाणपणाचा वाटला.

चौथ्या दिवशी पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल दाखवायला नेले. ६४ मीटर उंचीचा, ४२४ मीटर लांबीचा हा पूल एका टोकाला तुकड्यातुकड्याने तयार करून पुढे ढकलत नेलेला आहे. टेबलाच्या कडेवरून पट्टी ढकलत नेली तर निम्म्याहून अधिक बाहेर जाताच ती खाली पडते. मग एवढा पूल पुढच्या खांबापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न विचारून मार्गदर्शकांनी या पद्धतीत पुढच्या टोकाला लावतात ते, पुढच्या खांबावर आधी टेकणारे, हलके पोलादी नाक समजावले. पाऊण तासात परत फिरावे लागले, एवढीच खंत.

पाचव्या दिवशीचे 'व्यावसायिक संधी' हे सत्र वेगळ्या वक्त्याने घेतले. त्यांच्या अर्ध्या स्लाइड अमेरिकेच्या होत्या. तिथे २०१३ साली आलेल्या 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स'मध्ये अभियांत्रिकी अभिकल्पाला (डिझाइनला) विज्ञानाच्या जोडीने स्थान मिळाले, आणि शालेय शिक्षकाला उन्हाळ्यात काही आठवडे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मानधनासह संशोधनाला घेणारी योजना तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून चालते, ही माहिती बरोबर आहे आणि ऐकण्यासारखीही आहे. आमच्या तालुक्यापासून तासाभराच्या अंतरावर तंत्रनिकेतन आहे. त्यांच्या कार्यशाळेत मे महिन्यात तीन आठवडे काम करायला मिळाले तर मी बिनमानधनाचाही जाईन. परंतु असे कोकणात घडवून आणायचे तर कोणाकडे अर्ज करावा, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

उरलेल्या अर्ध्या स्लाइडमधल्या भारतातल्या संधी ज्या रीतीने मांडल्या गेल्या, ती रीत मला आक्षेपार्ह वाटते. अटल टिंकरिंग लॅबचा, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू करून पाहण्याच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचा, प्रभारी होणे ही पहिली संधी सांगितली गेली. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासूनची; सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. हे सारे खरे असले तरी संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर पदांच्या यादीत, प्रभारी नावाचे वेगळे पद नाही. आहे त्या तासिका सांभाळून, बहुधा विज्ञानाच्या शिक्षकानेच, ही जबाबदारी उचलायची असते. दुसरी संधी म्हणून, विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांना रक्कम देणाऱ्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेचा उल्लेख झाला. तिचे १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात, त्याच्या प्रतिकृतीसाठी जमा होतात, आणि ते तसेच असायला हवे, मात्र ती शिक्षकाची व्यावसायिक संधी कशी, हे मला कळले नाही. शाळेबाहेर शनिवार-रविवार रोबोटिक्सचे वर्ग घ्या, असा तिसरा सल्ला मिळाला. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे बाहेरचे मानधनाचे काम परवानगीवाचून घेता येत नाही, हे वक्त्यांनी सांगितले नाही. बहुधा त्यांना ते माहीत नसावे.

माझी मूळ तक्रार याहून साधी आहे. सेवेची १२ वर्षे झाल्यावर मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण आवश्यक असते आणि माझी १२ वर्षे या जूनमध्ये पूर्ण होत आहेत. पैसे भरण्यापूर्वी मी दूरध्वनीवर विचारले होते की हे प्रमाणपत्र त्यासाठी चालेल का, आणि पलीकडून "चालेल, सर, का नाही चालणार" असे उत्तर मिळाले होते. समारोपाच्या दिवशी तोच प्रश्न लेखी विचारल्यावर, ते प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फतच घ्यावे लागते, हे त्यांनी मान्य केले. मलाही हे आधी ठाऊक असायला हवे होते, हे खरे. पण साडेचार हजार घेणाऱ्याने एका वाक्यात नकार द्यायला हरकत नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. हे पाच दिवस त्यांत धरले जातील का, याचेही उत्तर प्रमाणपत्रावर नाही; त्यावर तास लिहिलेलेच नाहीत.

खरोखरच्या संधी वक्त्यांच्या यादीत आल्याच नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या कार्यक्रमात शाळेतली मुले वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामे हाताने शिकतात, आणि ती शिकवायला गावातल्याच कारागिरांना शाळेत आणले जाते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शालेय पातळीवरच्या अभिकल्प आणि तंत्रज्ञानावर संशोधन झालेले आहे. कोकणातल्या शिक्षकाला जाऊन पाहण्यासारखी, शिकण्यासारखी ही ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात आहेत. त्यांच्यासाठी एक स्लाइड निघायला हरकत नव्हती.

तेव्हा ज्यांना हाताने काही करून पाहायचे आहे आणि त्यासाठी सोबती हवे आहेत, त्यांनी अशा प्रशिक्षणाला जावे. मात्र त्रिमितीय मुद्रणाच्या दिवशी वाचायला पुस्तक न्यावे. ज्यांना वेतनश्रेणी, बढती किंवा जोडउत्पन्न हवे आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी उत्तर लेखी मागावे. संस्थेने पुढल्या वेळी एका मार्गदर्शकाऐवजी खारबंदिस्तीतला एखादा जाणता शेतकरी बोलावला, तर शुल्क पाचशेने वाढले तरी मी तक्रार करणार नाही.

परवा पेणच्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत उघाडीची प्रतिकृती करून दाखवायला त्यांना सांगितले आहे. मानधन अर्थातच नाही. नळाचे तोंड नेमके किती अंशांत कापले होते, हे त्यांना हवे होते. माझ्या वहीत तीन फसलेल्या झडपांची चित्रे निघाली, पण चौथीच्या वेळी कोन लिहून ठेवायचे आम्ही सगळेच विसरलो होतो.